आजीला स्तोत्रं पाठ होती, मी मात्र गप्प बसलो

मावशी, सलाम.

मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीच्या मशीन शॉपला आहे. वय 26. आमचं घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. गेल्या आठवड्यात चहाच्या सुट्टीत शेजारच्या मशीनवरच्या मित्रानं विषय काढला. "भावा, तुमचं बायबल एका रोमन राजानं मतदान घेऊन ठरवलंय. खरं बायबल वेगळंच होतं. आणि येशू देव आहे असं तो स्वतः कुठं म्हणालाय, दाखव की." त्यानं मोबाईलवर व्हिडिओ पण लावला. चार-पाच जण ऐकत होते. मला एक वाक्य बोलता आलं नाही. "सोड रे, चहा घेताना धर्माचं काय काढतोस," म्हणून मी उठून गेलो.

तो वाईट नाही, माझा चांगला मित्र आहे. सध्या त्याची आई दवाखान्यात आहे, त्यामुळं तो वैतागलेला असतो. पण त्या दिवसापासून मला माझीच लाज वाटते. माझ्या आजीला अख्खी स्तोत्रं पाठ होती, मला दहा वचनं धड येत नाहीत. असं उत्तर देणं माझं काम आहे की पाळकसाहेबांचं? का इंटरनेटवरून मुद्दे पाठ करून ठेवू? आणि खरं सांगायचं तर तो व्हिडिओ बघितल्यापासून मलाच शंका यायला लागल्यात.

— एक वाचक, कोल्हापूर

बाळा, सलाम.

तुझं शेवटचं वाक्य आधी घेते. ते लिहावं की नको असं तुझं बराच वेळ चाललं असणार. शंका आली म्हणून भिऊ नकोस. बाप्तिस्मा करणारा योहान, ज्यानं स्वतःच्या हातानं येशूचा बाप्तिस्मा केला, त्यानं तुरुंगातून निरोप पाठवला होता: येणारा तो तूच की आम्ही दुसऱ्या कुणाची वाट पाहावी? मत्तयाच्या शुभवर्तमानात, 11 व्या अध्यायात आहे. येशू त्याच्यावर रागावला नाही. आंधळ्यांना दिसतं, पांगळे चालतात, गरिबांना सुवार्ता ऐकायला मिळते, एवढं योहानाला जाऊन सांगा म्हणाला. योहान यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचून मोठा झालेला माणूस. ते शब्द कुठले हे त्याला तुरुंगाच्या अंधारातसुद्धा ओळखता आलं असेल. येशूनं त्याच्या शंकेला शास्त्रातून उत्तर दिलं, आणि ऐकणाऱ्याला ते शास्त्र ठाऊक होतं म्हणूनच ते उत्तर पोचलं. तुझ्या सगळ्या पत्राचं उत्तर मला त्या निरोपात दिसतं.

आता काम कुणाचं, ते बघू. येशूचा शिष्य पेत्र, त्याच्या पहिल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायाच्या 15 व्या वचनात म्हटलंय की तुमच्यात जी आशा आहे तिच्याविषयी कुणी विचारलं तर उत्तर द्यायला नेहमी तयार असा. हे वचन आपल्याकडं भिंतीवरच्या कॅलेंडरवर असतं, म्हणून ते सुटं वाचायची सवय लागलेली आहे. तू ते पत्र सुरुवातीपासून वाच. ते कुणाला लिहिलंय? पंत, गलतिया, कप्पदुकिया, आशिया, बिथुनिया या प्रांतांत पांगलेल्या साध्या माणसांना. दुसऱ्या अध्यायात पेत्र चाकरांशी बोलतो, ज्यांचे धनी कठोर आहेत अशांशीसुद्धा. तिसऱ्याच्या सुरुवातीला बायकांशी बोलतो, ज्यांचे नवरे विश्वासात नाहीत. त्याच ओघात हे उत्तर देण्याचं वचन येतं. मंडळीतल्या वडिलांना काय सांगायचं ते त्यानं पाचव्या अध्यायात वेगळं सांगितलंय. म्हणजे ही जबाबदारी पाळकांच्या खात्यातली नाही. ती कठोर मालकाच्या हाताखालच्या चाकराला दिलेली आहे, तेव्हा मशीन शॉपमधल्या ऑपरेटरला ती नक्कीच लागू आहे.

मूळ ग्रीकमध्ये तिथं 'अपोलोगिया' हा शब्द आहे. आरोप झालेला माणूस न्यायासनासमोर आपली बाजू मांडतो, त्याला तो शब्द. प्रेषितांची कृत्ये 22 मध्ये पौल यरुशलेमेत खवळलेल्या लोकांसमोर उभा राहतो तेव्हाही तोच शब्द आलाय. आपली बाजू मांडायची तर ती आधी ठाऊक पाहिजे. आणि पेत्रानं लगेच पुढं जोडलंय की हे सौम्यतेनं करा. ती अट त्यानं का घातली, हे मला फार उशिरा उमगलं.

गेथशेमाने बागेत शिपाई आले तेव्हा पेत्रानं तलवार उपसून महायाजकाच्या दासाचा कान कापला. त्याच रात्री, काही तासांत, वाड्याच्या अंगणात शेकोटीजवळ एका दासीनं विचारलं, तूही त्या नासोरीच्या येशूबरोबर होतास ना? तिच्या हातात ना तलवार ना अधिकार. तिच्यापुढं पेत्राला एक खरं वाक्य बोलता आलं नाही. एकाच रात्री दोन चुका: आधी हात चालवला, मग तोंड मिटलं. आणि पुढं म्हातारपणी त्याच माणसानं लिहिलं की उत्तर द्यायला तयार असा आणि ते सौम्यतेनं द्या. प्रत्येक शब्दामागं ती रात्र आहे. तुझ्या कँटीनमधल्या चहाच्या टेबलाची तुला लाज वाटते ना, तर हे वचन ज्यानं लिहिलं त्याला तुझं दुःख आतून माहीत होतं.

पाठ केलेल्या मुद्द्यांबद्दल विचारलंस. नको. का नको ते तुझ्याच कामातून सांगते. माझा भाऊ फौंड्रीत होता, त्याच्याकडून ऐकलेलं. कास्टिंग साच्यातून निघतं तेव्हा वरून छान दिसतं. मशीनवर घेतलं, दोन मिलिमीटर कापलं की आतलं ब्लोहोल, म्हणजे हवेची पोकळी, उघडं पडतं आणि सगळा माल रिजेक्ट. मागचं-पुढचं सोडून उचललेलं वचन तसंच असतं. समोरच्यानं पहिला उलट प्रश्न विचारला की पोकळी दिसते.

मत्तय 4 उघड. सैतान येशूला मंदिराच्या शिरोभागी उभं करतो आणि म्हणतो, उडी टाक, कारण देव आपल्या दूतांना तुझ्याविषयी आज्ञा देईल, असं लिहिलेलं आहे. खरंच लिहिलेलं आहे, स्तोत्र 91, वचनं 11 आणि 12. सैतानाला वचनं पाठ आहेत. पण एक बोट मत्तयात ठेव, दुसरं स्तोत्रात, आणि शब्दाला शब्द लावून बघ. स्तोत्रात "तुझ्या सर्व मार्गांत" रक्षण करतील असं आहे. सैतान नेमके तेवढेच शब्द गाळतो. मार्गानं चालणाऱ्याला दिलेलं वचन त्यानं छतावरून उडी मारणाऱ्याला लावलं. आणि तो जिथं थांबला त्याच्या पुढच्याच वचनात, 13 व्या, सिंह आणि साप पायाखाली तुडवशील असं आहे. तिथपर्यंत त्याला जायचंच नव्हतं.

येशूनं उत्तर काय दिलं? परमेश्वर तुझा देव याची परीक्षा पाहू नको. हे जुन्या करारातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकातलं, 6:16. पण ते वचन तिथं पुरं होत नाही; मस्सा इथं पाहिली तशी, असं त्यात पुढं आहे. मस्सात काय झालं ते निर्गम 17 मध्ये. तहानेनं व्याकूळ लोक मोशेशी भांडतात आणि विचारतात, परमेश्वर आमच्यामध्ये आहे की नाही? आता मंदिराच्या टोकावरची गोष्ट परत वाच. सैतान येशूकडून तोच प्रश्न विचारून घेऊ बघत होता, आणि येशूनं एका ओळीत सांगितलं की हा प्रश्न वाळवंटात एकदा विचारून झालाय आणि त्याचं काय झालं ते मला ठाऊक आहे. त्या वेळी सैतानानं येशूला तीन मोह घातले, आणि त्यांना दिलेली तिन्ही उत्तरं अनुवादाच्या सहाव्या आणि आठव्या अध्यायांतली आहेत, इस्राएलच्या 40 वर्षांच्या वाळवंटाबद्दलची. आणि येशू त्या वेळी 40 दिवस वाळवंटात उपाशी होता. त्याच्या मनात पुस्तकाचा तो भाग सलग वसलेला होता.

वचन पाठ असणं आणि शास्त्र ठाऊक असणं यातला फरक मला याहून नीट सांगता येत नाही. तुझ्या आजीकडं दोन्ही असावं असं मला वाटतं. अख्खं स्तोत्र पाठ असलेल्या बाईसमोर त्यातले चार शब्द कुणी गाळले तर तिच्या लगेच ध्यानात येतं.

आता तुझ्या मित्राचे प्रश्न. दोन्ही चांगले आहेत, त्यांना नीट उत्तर मिळालं पाहिजे.

राजाची गोष्ट अशी. 325 साली सम्राट कॉन्स्टंटाईननं नायसिया इथं बिशपांची परिषद बोलावली हे खरं. तिथं वाद झाला आणि निकालही लागला हेही खरं. पण वाद होता अरियस नावाच्या धर्मशिक्षकाच्या शिकवणीचा: पुत्र पित्यासारखाच सनातन आहे की पित्यानं निर्माण केलेला. शिवाय पुनरुत्थानाचा सण कधी पाळायचा हे ठरलं. परिषदेचे 20 नियम आजही वाचायला मिळतात. बायबलमध्ये कुठली पुस्तकं घ्यायची याचा त्यांत एकही नियम नाही. व्हिडिओवाल्यानं खऱ्या परिषदेला खोटा विषय जोडलाय.

मग पुस्तकं कशी ठरली? हळूहळू, आणि हे सांगायला आपण बिचकू नये. चार शुभवर्तमानं साधारण 180 च्या सुमारास पक्की धरली जात होती. आयरेनियस नावाचा बिशप चारच का हे त्याच काळात लिहितो. पौलाची पत्रं त्याच्याही आधीपासून मंडळ्यांत फिरत होती. इब्री लोकांस पत्र, पेत्राचं दुसरं पत्र, प्रकटीकरण यांच्याविषयी मात्र बराच काळ मतभेद होते. आज आपल्या हातात आहे तीच नव्या कराराच्या 27 पुस्तकांची यादी बिशप अथानेशियसच्या 367 सालच्या पत्रात सापडते, म्हणजे नायसियानंतर 42 वर्षांनी, आणि तो राजाचा हुकूम नव्हता. योहानाच्या शुभवर्तमानाचा तळहाताहून लहान एक तुकडा इंग्लंडमध्ये मँचेस्टरला जपून ठेवलाय. येशू आणि पिलात यांच्या बोलण्याचा भाग त्याच्यावर आहे, आणि अभ्यासक तो सहसा दुसऱ्या शतकातला धरतात. कॉन्स्टंटाईन तेव्हा जन्मलाही नव्हता.

हस्तलिखितांत फरक आहेत का? आहेत. हातानं नकलायचं म्हटलं की होणारच. मार्काच्या 16 व्या अध्यायाची 9 ते 20 ही वचनं सगळ्यांत जुन्या दोन मोठ्या प्रतींत नाहीत. हे ख्रिस्ती अभ्यासकांनीच शोधून उघड छापलेलं आहे. मित्रानं विचारलं तर तूही उघड सांग. लपवलं तर पुढच्या खऱ्या गोष्टीवरही तो विश्वास ठेवणार नाही, आणि का ठेवावा?

दुसरा प्रश्न, येशू स्वतःला देव कुठं म्हणाला. इथं लोक योहानातली दोन-तीन वचनं फेकतात. योहान 8:58 आणि 20:28 तू जरूर वाच, पण मित्राला मार्क 2 सांग, कारण ती गोष्ट आहे आणि गोष्ट चहाच्या टेबलावर सांगता येते. घरात खच्चून गर्दी. चौघे जण लकवा झालेल्या मित्राला उचलून आणतात, दारातून वाट नाही म्हणून छप्पर उसकटून त्याला खाटेसकट खाली सोडतात. सगळ्यांना वाटतं, आता हा बरा करणार. येशू आधी म्हणतो, मुला, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे. तिथं बसलेले शास्त्री मनात म्हणतात, हा असं कसं बोलतो? देवाशिवाय पापांची क्षमा कोण करू शकेल? त्यांचं शास्त्र पक्कं होतं, त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता. माझं कुणी नुकसान केलं तर मी त्याला क्षमा करू शकते; पण तुझं कुणी नुकसान केलं तर मी कोण त्याला माफ करणारी? येशूनं शास्त्र्यांना "तुमचा गैरसमज झाला" असं म्हटलं नाही. पापांची क्षमा करायचा अधिकार मला आहे हे तुम्हाला कळावं म्हणून, असं म्हणून त्यानं त्या माणसाला उभं केलं. त्या घरात तो काय म्हणाला ते समजायला शास्त्र्यांना वेगळं वाक्य लागलं नाही. आणि ते चौघे कशासाठी धडपडत होते तेही बघ. आपल्या मित्रासाठी.

इथं मला माझी एक गोष्ट सांगायची आहे. ती सांगताना अजून जड जातं.

मी शाळेत शिकवत होते तेव्हाची. मधल्या सुट्टीत डबे उघडलेले. माझ्या एक सहकारी बाई म्हणाल्या, "तुमचा देव एवढा दयाळू म्हणता, मग तो लहान लेकरांना दुखणी कशाला देतो?" मी तयारच होते. ईयोब सांगितला, रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय सांगितला, योहान 9 मधला जन्मांध सांगितला. पंधरा मिनिटं बोलले. वचनं सगळी बरोबर, आकड्यांसकट. त्यांनी काही वाद घातला नाही. डब्याचं झाकण लावलं आणि तासाला गेल्या. झाकण लावताना आत अर्धी भाकरी तशीच होती, ती मला आजही दिसते. महिन्याभरानं कळलं, त्यांच्या नातवाच्या हृदयाला जन्मतः छिद्र होतं. त्या माझ्याशी पुन्हा देवाबद्दल कधी बोलल्या नाहीत.

मी ईयोब सांगितला खरा, पण ईयोबाच्या मित्रांनी सुरुवातीला काय केलं ते विसरले. सात दिवस ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसत होतं. ते चुकले ते तोंड उघडल्यावर. मी वचन वापरलं आणि वचनात शिकवलेलं मात्र केलं नाही. पेत्राचं ते वचनही परत बघ: लोक आपल्याला आपल्यातल्या आशेविषयी विचारतील असं त्यात आहे. माझ्या सहकारी बाईंना आशाच हवी होती.

वाचायचं कसं, ते आता सांगते. सुट्टीच्या दिवशी मार्काचं शुभवर्तमान एका बैठकीत, मोठ्यानं वाच. 16 अध्याय आहेत, दीड-दोन तासांत होतात. घरात टीव्ही चालू असेल तर रंकाळ्याच्या काठावर जाऊन बस. एकदा सलग वाचलंस की रविवारी तुकड्या-तुकड्यानं ऐकलेलं जागेवर बसायला लागेल. मग प्रेषितांची कृत्ये. मग थेट अनुवाद, कारण येशूनं सर्वांत अवघड वेळी त्यातूनच उत्तरं दिली. जवळ एक वही ठेव, आणि तिच्यात सुविचार उतरवू नकोस, प्रश्न लिही. हे इथं का आलं? हा कोणाला बोलतोय? याच्या आधी काय घडलं? महिन्याभरानं वही घेऊन पाळकसाहेबांकडं जा. मंडळीतल्या तरुणानं असे प्रश्न आणले तर त्यांना आनंदच व्हावा. कृत्ये 17 मध्ये बिरुयातल्या लोकांना थोर मनाचे म्हटलंय, कारण खुद्द पौल बोलला ते खरं आहे का हे ते रोज शास्त्र उघडून तपासत होते. तुझ्या पाळकांचं तपास, व्हिडिओचं तपास, माझं हे पत्रही तपास. मी दिलेला प्रत्येक संदर्भ उघडून बघ.

आपल्या भाषेत हे पुस्तक सहज आलेलं नाही. 1852 साली मिशनरी रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले, त्याच्याही चार दशकं आधी, 1811 मध्ये, बंगालमधल्या श्रीरामपूरला मिशनरी विल्यम कॅरींनी मराठी नवा करार छापला होता. पुढं पंडिता रमाबाईंना वाटलं की अल्पशिक्षित गरीब बाईला समजेल असं साधं मराठी बायबल हवं. संस्कृतात पंडिता ठरलेली ती बाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकली, केडगावला बसून अख्ख्या बायबलचं भाषांतर एकटीनं केलं आणि 1922 मध्ये गेली. मला कंटाळा आला की मी तिची आठवण काढते. तिनं मूळ भाषा शिकून जे केलं, ते वाचायला मला फक्त चष्मा शोधावा लागतो.

आणि जो वाचून विरोध करतो त्याला भिऊ नकोस. काशीतले मराठी पंडित नीळकंठशास्त्री गोरे यांनी बायबल हातात घेतलं ते त्याचं खंडन करण्यासाठी. संस्कृतात तसा ग्रंथही लिहिला. पण वाचन प्रामाणिक होतं, आणि 1848 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नेहेम्या गोरे ते हेच. कुणी त्यांना चहाच्या टेबलावर वादात हरवलं नव्हतं. तुझा मित्रही ख्रिस्ती होईल म्हणून मी हे सांगत नाही. तो निर्णय ना तुझ्या हातात, ना तुझी जबाबदारी. विचारलेल्याचं खरं उत्तर देणं एवढंच तुझ्याकडं आहे. त्याच्या देवाधर्माबद्दल वावगा शब्द काढू नकोस. पौलाचा अथेन्समध्ये जीव कासावीस झाला होता, तरी तिथं तो त्यांच्याच वेदीवरचा लेख आणि त्यांच्याच कवींच्या ओळी घेऊन बोलला. म्हणजे त्यानं त्याही वाचल्या होत्या.

आणि एखादं उत्तर येत नसेल तर "मला माहीत नाही, वाचून सांगतो" म्हण, आणि खरंच वाचून सांग. योहान 9 मधला तो आंधळा परुश्यांना म्हणाला, तो पापी आहे की नाही मला ठाऊक नाही. एक ठाऊक आहे, मी आंधळा होतो आणि आता मला दिसतं. जेवढं ठाऊक होतं तेवढंच बोलला आणि त्यावरून हलला नाही. उरलेलं तो त्याच अध्यायात पुढं शिकला, येशू त्याला शोधत आला तेव्हा.

तू मित्राला अजून उत्तर दिलेलं नाहीस, म्हणून ही गोष्ट संपलेली नाही. पाहिजे तर आधी मार्क वाचून हो, आठवडा गेला तरी चालेल. मग चौघांच्या घोळक्यात नको, दोघंच असाल तेव्हा सांग: त्या दिवशी मला बोलता आलं नाही, आता वाचून आलोय. नायसियाचं सांग, छप्पर उसकटण्याची गोष्ट सांग. तो नाही पटलं म्हणाला तर ऐकून घे.

पण ते सगळं नंतर. उद्या पाळी सुटल्यावर त्याच्याबरोबर दवाखान्यात जा. त्याच्या आईला नाव घेऊन विचार, बरं वाटतंय का, काही आणायचं आहे का. त्या वेळी पिशवीत बायबल नसलं तरी चालेल.

तुझी,
मावशी